छायाचित्राचा दुसरा डोळा

माझ्या हाती पहिला कॅमेरा आला तो माझ्या मामांचा. मामा शिक्षणासाठी मॉस्कोला राहून आले होते आणि येताना त्यांनी झॉर्की नावाचा सोव्हिएत बनावटीचा एक जड, काहीसा ओबडधोबड कॅमेरा बरोबर आणला होता. साताऱ्यास मावसभावाच्या मुंजीत तो त्यांनी माझ्या गळ्यात अडकविला. मी तेव्हा शाळेत होतो. मातृभोजनापासून भिक्षावळीपर्यंत मी छत्तीस चित्रे मोठ्या ऐटीत घेतली. कॅमेऱ्याच्या लहानशा खिडकीतून मला सारे कसे स्वच्छ दिसत होते. चार दिवसांनी फिल्म धुऊन आली ती कोरी करकरीत! भिंगावरचे झाकण मी दिवसभर काढलेच नव्हते. मामा रागावले नाहीत. रात्री ओटीवर बसल्यावर ते म्हणाले, "बरं, चित्रं नाहीत तर नाहीत. खिडकीतून तुला काय दिसलं ते सांग." मी उत्साहाने सांगू लागलो. मध्येच त्यांनी विचारले, "बटूच्या मागं कोण उभं होतं?" ते काही मला सांगता आले नाही.

असा प्रमाद ज्यात घडू शकतो त्या कॅमेऱ्याच्या जातीला रेंजफाइंडर म्हणतात. अंतर मोजणारा कॅमेरा, असा त्याचा सरळ अर्थ. ज्या भिंगातून प्रकाश फिल्मवर पडतो त्या भिंगातून छायाचित्रकार पाहतच नाही. तो पाहतो बाजूच्या एका खिडकीतून. तिच्यापासून दोन-तीन बोटांवर दुसरी एक लहान खिडकी असते. दोन्ही खिडक्यांतून येणारी प्रतिमा आतील आरशांच्या योगाने एकावर एक पडते, आणि भिंग फिरवीत गेले की त्या दोन प्रतिमा सरकत सरकत एकजीव होतात. त्या एकजीव झाल्या की अंतर बरोबर साधले असे समजायचे. आपले दोन डोळे जे काम नकळत करतात तेच हे यंत्र समजून-उमजून करते. मात्र ह्या व्यवस्थेची एक गंमत आहे. खिडकीतून जवळचे व लांबचे सगळेच सारखे स्पष्ट दिसते. फिल्मवर मात्र काही स्पष्ट उतरते, काही धूसर. खिडकी आणि भिंग ह्यांच्या जागा वेगळ्या, म्हणून कडेची एखादी गोष्ट चौकटीत येते किंवा सुटते. थोडक्यात, छायाचित्रकार जे पाहतो ते छायाचित्र नव्हे. छायाचित्र त्याला पुढे केव्हातरी भेटते, आणि पुष्कळदा ते त्याला अनोळखी वाटते.

ह्या कॅमेऱ्यांच्या शौकिनांमध्ये एकमेकांना चित्रे दाखविण्याची आणि त्यांवर निःसंकोच बोलण्याची जी परंपरा वाढली तिचे मूळ मला ह्या अनोळखीपणात दिसते. आज तिच्याविषयी चार गोष्टी सांगाव्या असा विचार आहे.

छायाचित्रकारांच्या मंडळ्या पुष्कळ जुन्या आहेत. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ साली निघाली आणि पुढल्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईतही तशी संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी होते, ही गोष्ट आपल्याला अभिमानाची वाटावी. परंतु त्या काळचा कॅमेरा म्हणजे तिवईवर चढविलेली लाकडी पेटी. काळ्या कापडाखाली डोके घालून छायाचित्रकार दुधी काचेवर उलटे उमटलेले संपूर्ण चित्र आधीच डोळे भरून पाहून घेई. त्याला आपले चित्र कसे येणार हे ठाऊक असे. शंका असे ती रसायनांची आणि कागदाची. म्हणून अशा सभांतून चर्चा होई ती बहुतांशी कोलोडियनची, काचेवरील डागांची आणि ऊन किती वेळ द्यावे ह्याची. आपण काय पाहिले, हा प्रश्न कोणी कोणाला फारसा विचारीत नसे.

तो प्रश्न निर्माण केला एका खिशात मावणाऱ्या यंत्राने. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ ह्यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचे यंत्रज्ञ होते. सिनेमाची फिल्म आडवी वापरून २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट टिपणारा एक छोटा कॅमेरा त्यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच स्वतःसाठी बनविला. १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत तो 'लायका' ह्या नावाने लोकांपुढे आला. अंतर मापण्याची यंत्रणा भिंगाशी जोडलेला लायका आणि त्याचा प्रतिस्पर्धी कॉन्टॅक्स हे दोन्ही १९३२ सालचे. ह्यांची नक्कल लवकरच सर्वत्र होऊ लागली. सोव्हिएत युक्रेनमधील खारकॉव्ह येथे १९३४ पासून फेड निघू लागला. माझ्या मामांचा झॉर्की त्याच कुळातला.

नकलेवरून आठवले म्हणून सांगतो. जपानमधील एका छोट्या कार्यशाळेने १९३४ साली लायकाच्या धर्तीवर जो पहिला नमुना जाहीर केला त्याचे नाव होते 'क्वानॉन'. क्वानॉन म्हणजे जपानी बौद्धांची कान्नोन देवता, म्हणजेच आपला अवलोकितेश्वर! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेऊन दृष्टी खाली लावलेली जी मूर्ती रंगविली आहे, कान्हेरीला जिचे अकरा मस्तकांचे रूप कोरलेले आहे, तीच ही करुणेने अवलोकन करणारी देवता. त्या कॅमेऱ्याच्या भिंगालाही बुद्धशिष्य महाकाश्यपाच्या नावावरून 'कश्यप' म्हटले होते. पुढे व्यापाराच्या सोयीसाठी क्वानॉनचे 'कॅनन' झाले. नाव बदलले खरे, पण पाहणे आणि करुणा ह्यांचा संबंध काय, हा प्रश्न जपानी छायाचित्रकारांना पंधरा-वीस वर्षांनी निराळ्याच रीतीने सोडवावा लागला. त्या प्रकरणाकडे मी जरा सविस्तर वळतो, कारण आपल्या विषयाचे सगळे मर्म त्यात आहे.

१९४५ च्या पराभवानंतरचे जपान डोळ्यांपुढे आणा. शहरे जळालेली, परकी फौज देशात, स्टेशनांच्या आसपास अनाथ मुले आणि पांगळे झालेले सैनिक. अशा देशात छायाचित्रणाचे वेड मात्र झपाट्याने पसरत होते. लायका सामान्य माणसाला परवडणे शक्य नव्हते, पण कॅनन होता, निकॉन होता, निक्का आणि लिओटॅक्स अशी लायकाची देशी भावंडे होती. आणि ह्या नव्या शौकिनांना एकत्र आणणारी जागा होती मासिके. तेथील छायाचित्रणाच्या मासिकांत दरमहा वाचकांची स्पर्धा असे. गावोगावचे कारकून, विद्यार्थी, दुकानदार आपापली चित्रे टपालाने पाठवीत. परीक्षक त्यांतली काही निवडीत आणि निवडलेल्या चित्राखाली आपला अभिप्राय छापीत. पुष्कळांच्या बाबतीत आयुष्यातले पहिले आणि एकमेव शिक्षण तेवढेच.

१९५० मध्ये 'कॅमेरा' नावाच्या मासिकाच्या ह्या मासिक स्पर्धेचे परीक्षण केन डोमोन ह्यांच्याकडे आले. त्यांच्या जोडीला इहेइ किमुरा होते. ही जोडी मोठी विलक्षण होती. किमुरा जन्माने टोकियोचे, वयाने आठ वर्षांनी वडील, आणि लायका हाती धरावा तर त्यांनीच अशी त्यांची ख्याती. गर्दीतून चालता चालता, कोणाला कळण्याच्या आत ते चित्र घेत. डोमोन उत्तरेकडील साकाता गावचे, स्वभावाने हट्टी, बोलण्यात तिखट. छायाचित्र मांडून-सजवून घ्यावयाचे नाही, जे समोर घडते आहे ते त्याच क्षणी जसेच्या तसे टिपावयाचे, कॅमेरा आणि विषय ह्यांच्या मध्ये काहीही येऊ द्यावयाचे नाही, असा त्यांचा आग्रह होता. त्याला त्यांनी वास्तववाद म्हटले. वाचकांच्या चित्रांवरील त्यांचे अभिप्राय म्हणजे नुसते शेरे नसत. हौशी माणसाला ते बरोबरीच्या नात्याने गंभीरपणे घेत, प्रसंगी झापीत, आणि त्याने कोठे उभे राहावयास हवे होते येथपर्यंत सांगत.

सरकारी नोकरीत दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारण्यात माझी वीस वर्षे जात आली. शेरा मारणाऱ्याला आपण किती थोडे वाचून किती ठाम लिहितो ह्याची लाज क्वचितच वाटते, हे मी स्वानुभवाने सांगतो. म्हणूनच मला डोमोन ह्यांचे मोठेपण जाणवते. नामवंत कलावंताने अनोळखी नवशिक्यांच्या चित्रांवर महिन्यामागून महिने इतका वेळ घालवावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आणि त्याचे फळही आले. नागोया येथे शिकणारा शोमेइ तोमात्सु नावाचा एक विद्यार्थी ह्याच सुमारास अशा स्पर्धांना चित्रे पाठवीत होता. किकुजी कावादा हेही अशा पाठविणाऱ्यांपैकीच. पुढे ह्या दोघांनी जपानी छायाचित्रणाला अगदी नवे वळण दिले. नवल म्हणजे १९६१ साली हिरोशिमा आणि नागासाकी येथील अणुबाँबग्रस्तांविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्यात हिरोशिमाची चित्रे डोमोन ह्यांची आहेत आणि नागासाकीची तोमात्सु ह्यांची. परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आले. दोघांची नजर मात्र एक नाही. डोमोन शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी, जखमेच्या अगदी जवळ जाऊन उभे राहतात. तोमात्सु एखादे थांबलेले घड्याळ, उष्णतेने विरूप झालेली एखादी बाटली ह्यांच्याकडे आपले लक्ष नेतात. चांगल्या परीक्षकाची कसोटी कोणती, असे मला कोणी विचारले तर मी ह्या ग्रंथाकडे बोट दाखवीन.

पण ही गोष्ट इतकी गोड नाही. डोमोन ह्यांच्या वास्तववादाचा बोलबाला झाला आणि स्पर्धेकडे येणाऱ्या चित्रांत भिकारी दिसू लागले. आणखी भिकारी, आणखी अनाथ पोरे, रस्त्यावर निजलेली आणखी माणसे. परीक्षकाला काय आवडते हे हौशी मंडळींनी ओळखले होते! रविवारी कॅमेरा घेऊन बाहेर पडावे, एखादा दीन मनुष्य गाठावा, त्याची छबी टिपावी आणि टपालपेटीत टाकावी, असा जणू परिपाठ पडला. टीकाकारांनी ह्या प्रकाराला 'भिकाऱ्यांची छायाचित्रे' असे टोचणारे नावच दिले. ज्यांच्या दुःखाकडे जगाचे लक्ष वेधावे म्हणून हा खटाटोप आरंभला ती माणसे आता स्पर्धेतील गुणांचे साधन झाली होती. वास्तववादाचा पहिला टप्पा संपला असे १९५५ च्या सुमारास डोमोन ह्यांनी स्वतःच जाहीर केले.

ह्यात दोष कोणाचा? माझे मत असे की परीक्षकाचा डोळा दुसरी खिडकी म्हणून उपयोगी असतो. आपल्या खिडकीच्या जागी तीच बसविली की सगळे बिघडते. रेंजफाइंडरमध्ये दोन्ही खिडक्यांत अंतर असते म्हणूनच अंतर मोजता येते. दोन्ही एकाच जागी आणून ठेवा, यंत्र निकामी होईल. डोमोन ह्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी नेमके तेच केले. डोमोन ह्यांनी स्वतः ह्यावर दिलेले उत्तर मला कोणत्याही वादविवादापेक्षा मोलाचे वाटते. बंद पडत चाललेल्या कोळशाच्या खाणींच्या चिकुहो भागात जाऊन त्यांनी खाणकामगारांच्या मुलांची चित्रे घेतली आणि १९६० साली त्यांचे पुस्तक काढले. ते मुद्दाम जाड्याभरड्या कागदावर छापले आणि किंमत ठेवली अवघी शंभर येन. ज्यांची ती चित्रे होती त्यांनाही ते विकत घेता यावे, हा हेतू. म्हणजे चित्र दाखवावयाचे ते केवळ परीक्षकाला नव्हे, चित्रातल्या माणसालाही. त्याच सुमारास डोमोन ह्यांना पक्षाघाताने गाठले आणि छोटा कॅमेरा चपळाईने हाताळणे कायमचे थांबले. मग त्यांनी मोठा कॅमेरा तिवईवर चढवून जुन्या बौद्ध मंदिरांची चित्रे घेण्यात उरलेली उमेद घातली.

युरोपात ह्याच काळात ही देवाणघेवाण निराळ्या पद्धतीने चालली होती. ब्रिटनमध्ये टपालमंडळे होती. दहा-पंधरा सभासदांची चित्रे एका पेटीत घालून ती पेटी एकाकडून दुसऱ्याकडे टपालाने फिरे. प्रत्येकाने सोबतच्या वहीत इतरांच्या चित्रांवर मत लिहावयाचे, आपले जुने चित्र काढून नवे घालावयाचे आणि पेटी पुढे धाडावयाची. वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड न पाहिलेली माणसे एकमेकांच्या नजरेशी मात्र चांगली परिचित असत. आपल्याकडील भिशीची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था.

पॅरिसकडे वळले की आंरी कार्तिये-ब्रेसाँ ह्यांचे नाव टाळता येत नाही. त्यांनी लायका घेतला १९३२ साली, मार्सेय येथे. त्यापूर्वी ते आंद्रे लोत ह्या चित्रकारांकडे चित्रकला शिकले होते. रॉबर्ट कापा, 'शिम' ह्या नावाने ओळखले जाणारे डेव्हिड सेमूर, जॉर्ज रॉजर प्रभृती मित्रांसमवेत त्यांनी १९४७ मध्ये मॅग्नम ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली. तिच्या कामकाजाच्या केंद्रस्थानी एक साधा कागद होता. एका फिल्मवरील सगळ्या छत्तीस चौकटी पट्ट्यांनी शेजारी शेजारी ठेवून एकाच कागदावर मूळ आकारात छापतात. त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात. एक-एक चौकट टपाल तिकिटाहून थोडी मोठी. कागदावर भिंग धरायचे आणि लाल पेन्सिलीने खूण करायची. ह्या कागदावर छायाचित्रकाराला काही लपविता येत नाही. तो कोठे बिचकला, कोठे उगाच चार वेळा कळ दाबली, कोठे ऐन वेळी पाठ फिरवून निघून गेला, सारे ओळीने दिसते. चांगले चित्र पाहून आपण थक्क होतो, पण कॉन्टॅक्ट शीट पाहिल्यावर त्या माणसाची ओळख होते. म्हणून ते परक्याच्या हाती द्यायला भलेभले कचरत असत.

कार्तिये-ब्रेसाँ फिल्म स्वतः धूत नसत. १९४७ ते १९५० ह्या आशियातील भ्रमंतीत तर फिल्म न धुताच परदेशी रवाना होत आणि आपण काय टिपले हे कित्येकदा त्यांना महिनोन् महिने कळत नसे. निवड त्यांच्या अगोदर दुसऱ्यांनी केलेली असे. दुसऱ्यांची चित्रे पाहावयाची त्यांची तऱ्हाही प्रसिद्ध आहे. ते छायाचित्र उलटे, डोक्यावर उभे करून पाहत. विषयाची भुरळ पडू नये आणि रेषांची व छायाप्रकाशाची बांधणी तेवढी दिसावी हा उद्देश. दाखविणाऱ्याच्या जिवाची त्या वेळी काय घालमेल होत असेल ह्याची कल्पना करावी! चित्र छापताना कडा कापू नयेत असा त्यांचा कटाक्ष होता. तरी पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्यांचे जे अत्यंत गाजलेले १९३२ सालचे चित्र, त्याची डावी बाजू कापलेली आहे. कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून ते घेतले होते आणि फळी आड आली होती. खिडकीतून ती त्यांना दिसली नव्हती, हे सांगायला नको.

ह्या कार्तिये-ब्रेसाँ ह्यांनी आपली चित्रे एकदा अशा माणसाला दाखविली की ज्याला छायाचित्रणाचे मुळीच वेड नव्हते. १९४८ च्या जानेवारीची ३० तारीख, स्थळ दिल्लीतील बिर्ला भवन. त्यांनी गांधीजींची भेट घेतली आणि आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या आपल्या प्रदर्शनाचे पुस्तक त्यांच्या हाती दिले. गांधीजी एक एक पान सावकाश, काही न बोलता पाहत गेले. एका चित्रापाशी मात्र ते थांबले. फ्रेंच कवी पॉल क्लोदेल प्रेत वाहून नेण्याच्या गाडीकडे पाहत आहेत, असे ते चित्र. ह्याचा अर्थ काय, असे गांधीजींनी विचारले. कार्तिये-ब्रेसाँ ह्यांनी सांगितले की हे कवी श्रद्धाळू कॅथलिक आहेत आणि मरणाचा विचार त्यांच्या मनात फार असतो. तेव्हा गांधीजींनी 'मृत्यू' हा एकच शब्द तीनदा उच्चारला, असे कार्तिये-ब्रेसाँ ह्यांनीच पुढे सांगून ठेवले आहे. त्याच सायंकाळी पाच वाजून गेल्यावर, प्रार्थनेला जात असताना गांधीजींची हत्या झाली. छायाचित्रावरील अभिप्रायांच्या इतिहासात मला ह्याहून लहान आणि ह्याहून मोठा अभिप्राय ठाऊक नाही. त्यात चौकटीचा, प्रकाशाचा, रचनेचा उल्लेखही नाही.

परीक्षक चुकतात, तेही पाहू. रॉबर्ट फ्रँक हे मूळचे स्विस छायाचित्रकार. १९५५ आणि ५६ साली त्यांनी अमेरिकेभर मोटारीने भ्रमंती केली, लायकात ७६७ फिल्म घातल्या, सुमारे २७ हजार चौकटी टिपल्या. त्यांतून सुमारे हजार चित्रे छापून भिंतींवर लावली, काढली, पुन्हा लावली. पुस्तकात राहिली ८३. ते पॅरिसला १९५८ मध्ये आणि अमेरिकेत १९५९ मध्ये निघाले. 'पॉप्युलर फोटोग्राफी' ह्या अमेरिकेतील प्रमुख मासिकाने १९६० साली त्यावर आपल्या संपादक-लेखकांची मते छापली, ती बहुतेक प्रतिकूल होती. चित्रे अस्पष्ट आहेत, रवाळ आहेत, क्षितिजे कलली आहेत, लेखकाला ह्या देशाविषयी प्रेम नाही, असा एकूण सूर. आज ते पुस्तक विसाव्या शतकातील छायाचित्रणाचे एक शिखर मानतात. त्या संपादकांना हसणे सोपे आहे. पण त्यांनी नोंदलेली क्षितिजे खरोखरच कललेली आहेत! दोष त्यांना बरोबर दिसले, ते दोष का आहेत हे मात्र त्यांनी विचारले नाही. कच्च्या परीक्षणाचा हा प्रकार आमच्या कचेऱ्यांतूनही रोज घडतो.

ह्याच्या उलट टोकाला गॅरी विनोग्रँड. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लायका घेऊन अखंड हिंडणारा हा मनुष्य. चित्र घेतानाच्या क्षणाचा आनंद चित्राच्या गुणाशी गल्लत करतो म्हणून तो फिल्म घेतल्यावर लगेच पाहत नसे, वर्ष-वर्ष तशीच ठेवी. काळालाच त्याने आपला परीक्षक नेमले होते म्हणा ना! १९८४ मध्ये त्याला छप्पन्नाव्या वर्षी मृत्यूने गाठले तेव्हा जवळजवळ अडीच हजार फिल्म न धुतलेल्या निघाल्या. धुतलेल्या पण कॉन्टॅक्ट शीट न काढलेल्या साडेसहा हजारांच्या आसपास होत्या. ती चित्रे पुढे इतरांनी धुतली, निवडली, प्रदर्शनात मांडली. ती विनोग्रँडची म्हणायची की निवडणाऱ्यांची, हा वाद अजून मिटलेला नाही. दुसऱ्या डोळ्याला फार उशिरा बोलाविले की असे होते.

आता रेंजफाइंडरचे दिवस सरले असे म्हणावयास हरकत नाही. १९५९ मध्ये निकॉनचा नवा कॅमेरा आला, त्यात भिंगातूनच पाहता येऊ लागले, आणि आता तर कळ दाबताक्षणी चित्र पडद्यावर हजर होते. तरी ह्या जुन्या यंत्रांचे वेडे जगभर आहेत आणि दिल्लीतही आम्ही सहा-सात जण आहोत. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो. नियम दोनच. प्रत्येकाने तीनच चित्रे आणावयाची. आणि सगळ्यांचे बोलून होईपर्यंत ज्याचे चित्र त्याने तोंड उघडावयाचे नाही. हा दुसरा नियम पाळणे किती कठीण असते हे ज्याने पाळले त्यालाच कळेल.

काही वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्यात पूरग्रस्तांच्या मदतीच्या कामावर होतो. सामुग्रीचे वाटप चालू असता मामांच्या झॉर्कीने मी एका वृद्ध बाईंचे चित्र घेतले. अंगावर ओले लुगडे, हातात रिकामी पिशवी, चेहऱ्यावर उजवीकडून आलेला मंद उजेड. माझ्या मते ते मला साधलेले सर्वांत चांगले चित्र होते. बैठकीत ते हातोहाती फिरले. प्रकाशाचे कौतुक झाले, पार्श्वभूमी थोडी गर्दीची आहे असे एकाने म्हटले. आमच्यात शाळेत शिकविणाऱ्या एक बाई आहेत. त्या बराच वेळ चित्र हातात धरून बसल्या होत्या. त्यांनी विचारले, ह्या आजी तुमच्याकडे पाहत नाहीत. तुमच्या डाव्या खांद्यावरून मागे कोठेतरी पाहत आहेत. तुमच्या मागे काय होते?

माझ्या मागे यादीचे टेबल होते. ज्यांची नावे यादीत होती त्यांना त्या दिवशी धान्य मिळाले, उरलेल्यांना पडताळणी होईपर्यंत थांबावयाचे होते. ती यादी मीच मंजूर केली होती. आजींची पिशवी रिकामी होती ती वाटपापूर्वी की वाटपानंतर, हे मला आठवेना. दुसऱ्या दिवशी मी त्या जिल्ह्यातील जुन्या सहकाऱ्यांना दूरध्वनी केला. त्यांनी यादी शोधण्याची तयारी दाखविली आणि सहजच विचारले, नाव काय?

चित्राच्या पाठीवर मी गाव, तारीख, भिंग आणि शटरचा वेग अशी सगळी नोंद नीट करून ठेवली होती. नाव विचारावयाचे राहून गेले होते.